घरातून गाणी कमी उतरतात, नावं ठेवणं जास्त

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंदिरानगरातलं घर, आजोबांना भजन आणि नाट्यसंगीत, वडलांना जुनी हिंदी गाणी, आणि नववीतला मुलगा दिवसभर कानात इयरफोन घालून मराठी रॅप आणि डीजेचे मिक्स ऐकतो. आजोबा म्हणतात हे संगीतच नाही, आई म्हणते वय आहे, जाऊ द्या, आणि वडील विचारतायत की घरात इतकं चांगलं कानावर पडून हे पोरगं असं कसं निघालं, आवड घरातून येते की नाही, आणि हल्लीचं हे सगळं खरंच टाकाऊ आहे की आम्हीच म्हातारे झालो. गाण्याचा नाहीतर तबल्याचा क्लास लावू का, असंही शेवटी विचारलंय.

मी नाशकात गाणं आणि पेटी शिकवतो, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, म्हणजे सकाळी भूपाचे अलंकार घोटून घ्यायचे आणि रात्री कुणाच्या तरी हळदीला लोकांना नाचवायचं, दोन्ही माझीच कामं आणि दोन्हीचे पैसे घेतो. त्यामुळे खरं संगीत इकडे आणि बाजारू संगीत तिकडे अशी भिंत मला काही तितकीशी दिसत नाही. तर आधी उत्तर देऊन टाकतो. आवड घरातून येते पण जशीच्या तशी येत नाही. घरातून उतरतो तो कान, म्हणजे सूर कुठे बसतो, ठेका कुठे पडतो, आवाज कसा लावायचा, हे. गाण्यांची यादी फार क्वचित उतरते. आणि सगळ्यात इमानेइतबारे काय उतरत असेल तर कुठल्या गाण्याला नाक मुरडायचं ते. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरोघरी वाद होतो तो तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे.

कानाचं आधी. नवीन मूल क्लासला आलं की मी त्याला सा लावायला सांगत नाही, म्हणतो तुला येतं ते काहीही म्हण, शाळेतली प्रार्थना म्हण, जाहिरातीतलं म्हण. दोन-चार ओळीत घर कळतं हो. ज्या घरातून त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या पौषवारीला माणसं जातात त्या घरातलं पोर वरच्या पट्टीत, गळा मोकळा सोडून गातं आणि हात आपोआप टाळीवर जातो, लय त्याला शिकवावीच लागत नाही, उलट हळू गा रे बाबा असं सांगावं लागतं. भावगीतवाल्या घरातलं मूल शब्द फार छान टाकतं, पण लांब श्वास घेऊन सूर धरून ठेव म्हटलं की डगमगतं. शरणपूरकडून येणारी ख्रिस्ती घरातली काही मुलं आहेत, चर्चमध्ये क्वायरला उभी राहिलेली, त्यांना मी एक सूर धरून ठेवला तर त्याच्यावर दुसरा सूर धरता येतो, जे आमच्या विशारद झालेल्यांनाही पटकन जमत नाही कारण आपल्याकडे सगळे मिळून एकच चाल गातात. आणि हल्लीचा नवा प्रकार म्हणजे इयरफोनवर वाढलेलं मूल, ते गातच नाही, कुजबुजतं, कारण त्यानं ऐकलेला प्रत्येक आवाज माईकला ओठ चिकटवून गायलेला आहे. यात हुशार-ढ असं काही नाही, कान कशावर पोसला गेला एवढाच फरक आहे.

आणि हे फार लवकर होतं. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब या दोघी संशोधकांनी २००५ मध्ये लहान बाळांवर काम प्रसिद्ध केलं होतं, त्यात सहा महिन्यांच्या उत्तर अमेरिकेतल्या बाळांना त्यांच्याकडच्या साध्या ठेक्यातला बिघाड कळत होता तसाच बाल्कन देशांतल्या वाकड्या, म्हणजे असमान मात्रांच्या, ठेक्यातलाही कळत होता, पण वर्षाची झाली की परक्या ठेक्यातला फरक त्यांना समजेनासा झाला. म्हणजे बोलायला लागायच्या आधीच कान ठरवून टाकतो की माझं कुठलं. आपल्या पोरांना सात मात्रांचा रूपक ताल सहज अंगवळणी पडतो, कारण घरात, देवळात, सिनेमात तो कुठे ना कुठे वाजत असतो.

आता वडलांचा मुख्य सल, की आम्ही इतकं ऐकलं आणि याच्यात काहीच उतरलं नाही. उतरलंय हो. एकदा लाईट गेल्यावर अंताक्षरीला बसवा त्याला, रफी-किशोरच्या गाण्यांचा नुसता मुखडा नाही, दुसऱ्या अंतऱ्याचे शब्द निघतील त्याच्या तोंडून, आणि तो स्वतःच चकित होईल. याच्यावरही काम झालंय, कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांचं, २०१३ चं. अमेरिकेतल्या विशीतल्या मुलांना १९५५ ते २००९ पर्यंतची गाजलेली गाणी ऐकवली तर स्वतःच्या वयाच्या गाण्यांबरोबरच त्यांचे आईवडील तरुण होते त्या काळातल्या गाण्यांशीही त्यांचं नातं ठळक निघालं, आणि त्याच्याही मागे साठच्या दशकाला आणखी एक उंचवटा दिसला, तो बहुतेक आजीआजोबांचा असावा असा त्यांचा अंदाज. म्हणजे आईबाप ज्या वयात जे ऐकून वेडे झाले तेच ते पुढे घरात लावत राहतात आणि मूल जेवताना, अभ्यास करताना, गाडीत झोपताना ते पीत राहतं. फक्त चौदाव्या-पंधराव्या वर्षी ते कबूल करत नाही, कारण त्या वयात गाणं हे मित्रांमध्ये उभं राहायचं ओळखपत्र असतं आणि वडलांची गाणी दाखवून तिथे आत घेत नाहीत. विशी ओलांडली की बरेचजण परत येतात, माझ्याकडे नोकरीला लागलेली मुलं येऊन म्हणतात सर ते बाबांचं गाणं शिकवा ना, आणि तीच मुलं आठवीत असताना ते गाणं लागलं की खोलीचं दार लावून घ्यायची.

एक फरक मात्र खरा झालाय, तो मान्य करायला हवा. पूर्वी घरात वाजवायचं यंत्र एक होतं. रेडिओ एक, मग टेपरेकॉर्डर एक, आणि काय लागणार ते वडील नाहीतर स्वयंपाकघर ठरवणार, बाकीच्यांना पर्याय नाही. सक्तीनं कान तयार व्हायचा. आता एका घरात चार माणसं चार वेगवेगळी गाणी ऐकत असतात आणि कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. त्यामुळे गाणं उतरायची वाट अरुंद झाली पण मतं उतरायची वाट तेवढीच रुंद राहिली, कारण मतं आपण मोठ्यानं बोलतो. तुमच्या मुलानं आजोबांचं भजन गेल्या महिन्यात किती वेळ ऐकलं असेल आणि 'हे संगीतच नाही' किती वेळा ऐकलं असेल, हिशेब करा.

आता नावं ठेवण्याकडे येतो, इथे जरा जास्त बोलणार आहे.

आजोबांना मी ओळखत नाही, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण ज्या गाण्यांचा ते अभिमान बाळगतात त्या प्रत्येक प्रकाराला आधीच्या पिढीनं हेच म्हटलेलं आहे. नाट्यसंगीत घ्या. अण्णासाहेब किर्लोस्करांचं सौभद्र १८८२ चं, त्यात साकी-दिंडीसारखे पद्यप्रकार आहेत, लावणीच्या वळणाच्या चाली आहेत, लोकांच्या तोंडी असलेलंच सगळं, म्हणजे त्या काळचं मेनस्ट्रीम. नाटकात काम करणं म्हणजे घराण्याला बट्टा असं मानणारी घरं तेव्हा कितीतरी होती. पुढे भास्करबुवा बखल्यांनी १९१६ च्या स्वयंवरला ख्यालाच्या वळणाच्या चाली दिल्या, बालगंधर्वांनी त्या गायल्या, आणि हळूहळू तेच नाट्यपद अभिजात होऊन बसलं. पेटीचं तर विचारूच नका. मी ज्या वाद्यावर पोट भरतो ते ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये बंद केलं होतं, भारतीय संगीताला ते चालत नाही म्हणून, आणि ती बंदी तीसेक वर्षं चालली. आजोबांच्या भजनी मंडळात पेटी असणारच ना?

वडलांच्या गाण्यांची गंमत तर आणखी मोठी. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले, आपलेच मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे पक्के भक्त, आणि त्यांना सिनेमाची गाणी अजिबात चालायची नाहीत. त्यांनी आकाशवाणीवर ती इतकी आवळली, निर्मात्यांशी असं काही फाटलं की सिनेसंगीत जवळजवळ गायबच झालं. लोकांनी काय केलं, काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं, अमीन सायानींची बिनाका गीतमाला तिथे त्याच वर्षी सुरू झाली. शेवटी सरकारला १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. म्हणजे ज्या काळाला आज आपण सुवर्णकाळ म्हणून हार घालतो त्या काळातली गाणी सरकारदरबारी पोरांना बिघडवणारी होती.

आणि १९५२ चंच अजून एक सांगतो कारण ते आपल्या गावाचं आहे. शास्त्रीय गायक द. वि. पलुसकर, म्हणजे बापूराव, यांचा जन्म नाशिकचा, १९२१ चा. वडील म्हणजे साक्षात विष्णू दिगंबर, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे, आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात इथे नाशकात रामनाम आश्रमात होते. घरातून संगीत उतरण्याचं याहून मोठं उदाहरण कुठलं द्यायचं? पण वडील १९३१ मध्ये गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता, त्याची खरी तालीम झाली वडलांच्या शिष्यांकडे, विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यासांकडे. घरानं त्याला कान दिला, दिशा दिली, गाणं त्यानं बाहेर जाऊन मिळवलं. आणि हेच बापूराव १९५२ मध्ये बैजू बावरा सिनेमासाठी अमीर खाँसाहेबांबरोबर गायले. तिकडे रेडिओ सिनेसंगीताला दार लावतोय आणि इकडे शास्त्रीयातला सगळ्यात सोवळा मानला जाणारा गळा सिनेमात गातोय. बापूराव १९५५ मध्ये गेले, जेमतेम चौतीस वर्षांचे. आजोबांना ही जोडी आठवून बघा म्हणावं, त्यांनी ती नक्की ऐकलेली असणार.

आता नावं ठेवण्याची दुसरी बाजू, जी घरात कुणी उघड बोलत नाही. पालक मला पहिल्या दिवशी सांगतात 'सर, चांगली गाणी शिकवा, तसली नको'. तसली म्हणजे कुठली हे विचारलं की शब्द सापडत नाहीत, पण थोडं खोदलं तर निघतं ते बहुतेक वेळा गाण्याबद्दल नसतं, ते गाणं कोण ऐकतं त्याबद्दल असतं. कुठल्या वस्तीत वाजतं, कुणाच्या मिरवणुकीत वाजतं, कुठल्या रिक्षात वाजतं. फ्रान्सचे समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिय यांनी १९७९ च्या त्यांच्या पुस्तकात हेच मांडलं, की आवडीनिवडीतून माणूस स्वतःला दुसऱ्या थरापासून वेगळं काढत असतो, पण हे कळायला फ्रान्सला जायची गरज नाही, द्वारका सर्कलला सिग्नलवर उभं राहिलं तरी पुरे.

प्रल्हाद शिंदे घ्या. आषाढी आली की त्यांची विठ्ठलाची गाणी कुठल्याही आळीत, कुठल्याही जातीच्या घरात लागतात, डोळे मिटून ऐकतात लोक. तोच गळा, तीच फेक, तीच ढोलकी भीमगीतात आली की काही घरांना तो आवाज अचानक कर्कश वाटायला लागतो. गळा तोच आहे ना? मग बदललं काय? भीमगीतांचे शाहीर वामनदादा कर्डक आपल्याच सिन्नर तालुक्यातले, देशवंडीचे, १९२२ चा जन्म, हजारो लोकांच्या तोंडी त्यांची गाणी आहेत, आणि नाशकातल्याच कितीतरी गाणंबिणं ऐकणाऱ्या घरांना त्यांचं नावही माहीत नाही. उलट ज्या घरात ती गाणी आहेत तिथे ती करमणूक म्हणून नसतातच मुळी. आजी गाते, त्यात काळाराम मंदिराचा सत्याग्रह येतो, चवदार तळं येतं, नातवाला इतिहास पुस्तकाच्या आधी गाण्यातून कळतो. अशा घरातलं मूल माझ्याकडे येतं तेव्हा कोरस कुठे उचलायचा, पहिली ओळ फिरवून परत कशी आणायची हे त्याच्या अंगात असतं. प्रल्हाद शिंदे, मग त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद, मग नातू आदर्श, तीन पिढ्या एका घरात, आणि आज आदर्श शिंदेचा आवाज म्हणजे मराठी मेनस्ट्रीमचाच आवाज आहे, आता त्याला नाक मुरडणारे कमी झाले कारण तो मोठ्या पडद्यावरून येतो.

अहिराणीचंही तसंच. सिडको, अंबड, सातपूर या भागात सटाणा, मालेगाव, कळवण, धुळे, जळगावकडून आलेली घरं भरपूर. श्रावणात कानबाई देवी बसते, बायका रात्रभर गाणी म्हणतात, आणि लग्नात अहिराणी गाणं लागलं की सगळा मंडप उठतो, ऑर्केस्ट्रावाल्याला हे विसरून चालतच नाही. पण त्याच घरातला कॉलेजात जाणारा मुलगा क्लासमध्ये विचारलं तर इंग्रजी बँडचं नाव सांगतो. तुझ्या आईचं कानबाईचं गाणं म्हणून दाखव म्हटलं की लाजतो, आणि म्हणून दाखवलं की त्या दिवसातलं सगळ्यात सच्चं गाणं तेच असतं. घर त्याला गाणं देतं आणि बाहेरचं जग त्याला त्या गाण्याची लाज देतं, आणि कधीकधी ती लाज घरातूनच दिली जाते, 'तिकडे शुद्ध बोलत जा' च्या सोबत.

रॅप तुमच्या घरात खटकतं त्यात यातलं किती आहे ते तुम्हीच तपासा, मी बाहेरून सांगू शकत नाही.

म्हणून मग सगळंच चांगलं, असं मी म्हणत नाहीये, मला मतं आहेत. आजचं व्यापारी गाणं बऱ्याच ठिकाणी कच्चं असतं आणि त्याची कारणं सांगता येतात. स्ट्रीमिंगवर साधारण तीस सेकंद गाणं वाजलं की ते ऐकलं असं मोजतात, त्यामुळे गाणाऱ्याला पहिल्या काही सेकंदातच पकडायचं असतं, मग सुरुवातीचं म्युझिक गेलं, हूक, म्हणजे लगेच डोक्यात बसणारी ओळ, पुढे आला आणि अंतरा बिचारा पोरका झाला. पूर्वी अंतऱ्यात चाल वर जायची, वेगळा विचार मांडायची आणि मुखड्यावर परत यायची, आता अंतरा म्हणजे तीच ओळ वेगळ्या शब्दात. रीलमध्ये जेवढं मावतं तेवढंच गाणं नीट रचायचं, बाकी भराव. ऑटोट्यून १९९७ मध्ये आलं, चूक दुरुस्त करायला चांगलं आहे, पण प्रत्येक सूर सरळ रेषेत ओढला की आपल्या गाण्यातली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आणि कण, म्हणजे मुख्य सुराला हलका स्पर्श करून जाणारा सूर, मरतात, सगळे गायक सख्खे भाऊ वाटायला लागतात. आणि कॉम्प्युटरवर सगळं ग्रिडला, म्हणजे समान आखलेल्या चौकटीला, बसवलं की ठेक्याची जी थोडी मागेपुढे होण्याची गंमत असते, ढोलकीवाला समेच्या, म्हणजे फेऱ्यातल्या पहिल्या मात्रेच्या, आधी जरा रोखून धरतो ती, निघून जाते. हे मी स्वतः ट्रॅक बनवताना रोज बघतो.

पण यंत्रानं गाणं कापणं हेही काही आजचं नाही. गायिका गौहर जान यांनी १९०२ मध्ये पहिल्यांदा ध्वनिमुद्रण केलं तेव्हा तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटं मिळायची, तास-तास चालणारा ख्याल त्यात कोंबायला लागला, आणि आपण आज त्याच तीन मिनिटांच्या रेकॉर्डी जपून ठेवतो. ८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आली तेव्हा आता सगळं बिघडणार म्हणून ओरड झाली, आणि खरंच भरपूर कचरा निघाला, पण त्याच कॅसेटमुळे भक्तिगीतं, भीमगीतं, लोकगीतं, ज्यांना रेकॉर्ड कंपनीनं कधी दारात उभं केलं नसतं ती माणसं घराघरात गेली.

आणि तुमचा मुलगा ज्या मराठी रॅपमागे आहे त्यात चालीचं काम कमी असलं तरी शब्द आणि लय यांचं काम पुष्कळ असतं, निदान चांगल्या रॅपमध्ये. त्याला एक आवडतं गाणं लावायला सांगा आणि चारचे चार गट करून टाळी देत मोजायला सांगा, सोळा मोजून परत पहिल्यावर, म्हणजे आपल्या तीनतालाएवढाच फेरा झाला. मग बघा शब्द समेवर पडतोय की अर्ध्या मात्रेनं मागे, कुठे तो मुद्दाम तिप्पट लयीत जातो, कुठे ओळ समेच्या पलीकडे ओढून नेतो. तबल्याची पढंत, म्हणजे तोंडानं म्हटलेले बोल, ऐकलेल्या माणसाला यात ओळखीचं बरंच सापडतं. आजोबा टाळ वाजवत असतील तर त्यांनाच मोजायला बसवा, शब्द आवडायची गरज नाही, मोजणी आवडेल त्यांना. शिव्या असतात म्हणाल तर असतात काही गाण्यात, त्याच्यावर घरात काय चालेल काय नाही हे तुम्ही ठरवायचं, तो संगीताचा प्रश्न नाही, बोलण्याचालण्याचा आहे.

आवाजाचंही असंच वेगळं काढा. डीजे नको म्हणणाऱ्यातले निम्मे लोक खरं तर आवाजाबद्दल बोलत असतात आणि त्यात ते बरोबर आहेत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, मिरवणुकीत ती कुठल्या कुठे मागे पडते, आणि आमचा नाशिक ढोल तरी काय हळू वाजतो का. त्याच ढोलाचं कौतुक पार केरळपर्यंत पोचलंय, तिथल्या उत्सवात नाशिक ढोल याच नावानं पथकं वाजवतात. आपल्या घरात ढोल म्हणजे परंपरा आणि डीजे म्हणजे विकृती, पण छातीत धडधड दोन्हीनं होते. मुलाच्या बाबतीत मला खरी काळजी एकाच गोष्टीची वाटते, इयरफोनचा आवाज. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तासांच्या वर जाऊ नये, आणि आवाज वाढला की हे तास झपाट्यानं कमी होतात. फोनमध्ये आवाजावर मर्यादा घालायची सोय असते, ती लावा. तो कुठलं गाणं ऐकतो याच्यापेक्षा साठीत त्याला ऐकू येईल का हे बघा.

मग घरात करायचं काय. माझा अनुभव असा की गाडी हे सगळ्यात चांगलं ठिकाण आहे कारण सगळे एका स्पीकरवर अडकलेले असतात. मुंबईला निघालात की नियम लावा, प्रत्येकानं आळीपाळीनं एक गाणं लावायचं, गाणं संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, पुढे ढकलायचं नाही, कसारा घाट उतरेपर्यंत तरी. संपल्यावर ज्यानं लावलं त्यानं सांगायचं यातलं नेमकं काय आवडतं, शब्द, बीट, आवाज, काहीही. आजोबांना 'छान आहे' म्हणायची सक्ती नाही पण 'हे संगीत नाही' म्हणायला बंदी. मुलाला मात्र एक प्रश्न विचारायला सांगा आजोबांना, तुम्ही तरुणपणी काय ऐकायचात आणि तुमचे वडील त्याला काय म्हणायचे. बहुतेक घरांत इथे हशा पिकतो.

प्रत्यक्ष ऐकायला घेऊन जा, फुकट मिळतं आपल्याकडे. दिवाळीत पिंपळपारची पाडवा पहाट आहे, पहाटे उठायचं म्हणून कुरकुरेल पण मित्राला बरोबर घेऊ द्या. गणपतीच्या आधी ढोल पथकांचा सराव चालतो तिथे नेऊन सोडा. तबल्यावर पाच मिनिटं न टिकणारी मुलं मी तिथे दोन-दोन तास टिपरू हातात घेऊन उभी राहिलेली बघितली आहेत, लय पायातून शिकतात ती. पूर्वी मुलींना पथकात पाठवायला घरं तयार नसायची, आता आया स्वतः सरावाला येऊन उभ्या राहतात, घराची मतं बदलतात ती अशी, कुणी व्याख्यान दिल्यामुळे बदलत नाहीत.

रिअ‍ॅलिटी शोच्या नादाला लागलेले पालकही येतात माझ्याकडे, त्यांच्याबद्दल एवढंच की सात वर्षांच्या मुलीला विरहाची लावणी शिकवा म्हणू नका.

राहिला क्लासचा प्रश्न. त्याचं हे ऐकणं सुटावं म्हणून क्लास लावणार असाल तर लावू नका. वळण लागावं म्हणून पाठवलेली मुलं माझ्याकडे प्रवेशिका या सुरुवातीच्या परीक्षेच्या आसपास गळतात आणि वर आयुष्यभर शास्त्रीयाला शिक्षा समजतात, म्हणजे तुम्हाला हवं त्याच्या बरोबर उलटं. आणि दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात म्हणून नववीत अचानक धावत येणारे तर पुष्कळच, त्यांना मी सरळ सांगतो की गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा एकामागून एक द्यायच्या असतात, वर्षभरात गुंडाळायचा तो प्रकार नाही. त्याला खरंच काही शिकायचं असेल, आणि तो स्वतः म्हणत असेल, तर गळ्यापेक्षा तबला लावा, रॅपची आवड असलेल्याला तबल्याचे बोल पटकन भिडतात. गुरुजी शोधताना एकच विचारा, की मुलानं आपलं आवडतं गाणं आणलं तर त्याच्या ठेक्यावर तुम्ही वाजवून दाखवाल का. जे 'आधी तीन वर्षं तबल्याचे कायदे, मग बघू' म्हणतील त्यांच्याकडे दुसऱ्या मुलाला पाठवा, याला नको. वाद्य विकत घ्यायची घाई करू नका, आधी क्लासमधल्या तबल्यावर बसू दे, आणि सहामाही परीक्षा झाल्यावर सुरू करा, आत्ता मधेच नको.